आरोग्य विज्ञानाची पदवी झाली, पुढे काय? नागपूर-विदर्भातल्या मुलामुलींचे नेहमीचे प्रश्न

इंटर्नशिपचे शेवटचे दोन महिने आले की फोन सुरू होतात. "मॅडम, संपलं जी सगळं. आता काय करू?" नर्सिंगच्या मुली असतात, फिजिओचे, फार्मसीचे, लॅबवाले, बीएएमएस झालेले असतात, कधी त्यांचे आईवडील असतात. मी नागपुरातच बी.एस्सी. नर्सिंग केलं, सहा वर्षं धंतोलीत आयसीयूत काढली, मग एम.एस्सी. करून शिकवायला लागले. माझा उलटा प्रश्न सगळ्यांना एकच असतो: दहा वर्षांनी सकाळी आठ वाजता तुम्हाला कुठे उभं राहायला आवडेल? वॉर्डात, लॅबमध्ये, वर्गात, गावच्या उपकेंद्रात, की संगणकापुढे? कोर्सचं नाव त्याच्या नंतर ठरतं. ज्यांनी आधी कोर्स ठरवला आणि मग काम बघितलं, त्यांच्यातले बरेच जण दोन वर्षांनी पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले आहेत.

पात्रतेचे नियम दर वर्षी थोडे सरकतात. अर्ज भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचा.

पदवीचा निकाल लागला. सगळ्यात आधी काय करायचं?

नोंदणी. नागपूरची दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, म्हणजे मेडिकल आणि मेयो, आणि राज्यातल्या बहुतेक महाविद्यालयांची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते (हे विद्यापीठ १९९८ सालचं). एम्स आणि अभिमत विद्यापीठं आपापली पदवी देतात. पण पदवी म्हणजे काम करण्याचा परवाना नाही. तो परवाना परिषद देते. नर्सिंगला महाराष्ट्र परिचर्या परिषद, एमबीबीएसला महाराष्ट्र वैद्यक परिषद; दंतवैद्यक, फार्मसी, आयुर्वेद, होमिओपॅथी यांच्या वेगळ्या; फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची मिळून एक; लॅब, ओटी (शस्त्रक्रियागृह), डायलिसिस तंत्रज्ञांसाठी परावैद्यक परिषद. नोंदणी क्रमांक हातात नसेल तर सरकारी जागेचा अर्ज तिथेच अडकतो.

दुसरं काम नावाचं. उमरेडकडची एक मुलगी आखाती देशात जायला निघाली होती. नोकरीचं पत्र हातात होतं. कागदपत्रांच्या पडताळणीत सगळं थांबलं, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये 'ए' एकदाच होता आणि पदवीवर दोनदा. आधारवर वडिलांचं नाव होतं, पासपोर्टवर नव्हतं. राजपत्रात नाव प्रसिद्ध करा, प्रतिज्ञापत्र करा, मग पुन्हा रांग. चार महिने गेले आणि ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तिने तो फोल्डर माझ्या टेबलावर उघडून ठेवला होता, प्रत्येक कागदावर पेन्सिलीने आडनावाभोवती गोल काढलेला. तेव्हापासून मी तिसऱ्या वर्षातच मुलांना सांगते: दहावीची गुणपत्रिका, पदवीची गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट एका रांगेत ठेवा, अक्षर न् अक्षर ताडून बघा.

मूळ प्रमाणपत्रं नोकरीच्या ठिकाणी कुणाकडेही ठेवायला देऊ नका. माझी पहिली नोकरी होती तिथे माझी मूळ गुणपत्रिका 'तपासायला' म्हणून घेतली आणि मी राजीनामा देईपर्यंत कपाटात ठेवली. ती परत मिळवायला सात फेऱ्या मारल्या. दाखवायला मूळ, द्यायला साक्षांकित प्रत. समोरचा कितीही गोड बोलला तरी.

लगेच पुढे शिकू की आधी नोकरी करू?

नर्सिंग, फिजिओ, लॅब, ओटी या मुलांना मी एक वर्ष कामाचं सांगते. नर्सिंगला तर तो नियमच आहे: बी.एस्सी. नंतर वर्षभराचा अनुभव असल्याशिवाय एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश नाही, शिवाय पदवीला किमान ५५ टक्के लागतात. पण नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. इंटर्नशिपमध्ये तुमच्या मागे कुणीतरी उभं असतं. नोकरीत रात्री तीन वाजता मॉनिटरवर आकडा खाली येतो तेव्हा पहिला हात तुमचा पुढे जावा लागतो. आपल्याला क्रिटिकल केअर (अतिदक्षतेचं काम) आवडतं की नाही, हे त्या वर्षात कळतं.

संशोधनाची खरी ओढ असेल, किंवा घरात पैशाची अडचण नसेल आणि परीक्षेची लय लागलेली असेल, तर थांबू नका.

बी.एस्सी. नर्सिंगनंतर नेमके रस्ते कोणते?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

केंद्र सरकारी नोकरी हवी असेल तर नॉरसेट. देशभरातल्या एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरची भरती याच परीक्षेतून होते. पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा असे दोन टप्पे आहेत. वेतन सातव्या स्तराचं, म्हणजे मूळ पगार ४४,९०० रुपये, वर भत्ते. ८० टक्के जागा स्त्रियांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी असतात, म्हणून मुलांनी त्या हिशोबाने तयारीची पातळी ठेवावी. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्यांनाही बसता येतं, पण त्यांना ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. वयाची मर्यादा कडक आहे, खुल्या गटाला साधारण ३०. "बघू दोन वर्षांनी" म्हणणाऱ्या मुलींना मी त्यांची जन्मतारीख कागदावर लिहायला लावते. आपल्या नागपूरच्या मिहान भागातल्या एम्समध्येही ही भरती याच वाटेने होते, वेगळी ओळख-वशिला काही चालत नाही. कुणी पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे.

त्याशिवाय रेल्वे, राज्य कामगार विमा, सैन्यातली परिचर्या सेवा, जिल्हा परिषद, महानगरपालिका यांच्या जाहिराती निघत असतात. राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अधिपरिचारिकांची भरती वेगळी असते.

समुदाय आरोग्य अधिकारी हा रस्ता मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं आहे आणि तिथे बीपी-मधुमेहाची तपासणी, औषधं, गरोदर बायकांची नोंद हे सगळं या अधिकाऱ्याच्या हाताखाली चालतं. पद कंत्राटी आहे आणि पगाराचा काही भाग कामगिरीवर मिळतो, हे आधीच नीट समजून घ्या. पण तिथे तुम्ही स्वतः निर्णय घेता. वॉर्डात दहा वर्षं काढूनही ही मुभा सगळ्यांना मिळत नाही.

शिकवायचं असेल तर एम.एस्सी.: मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, कम्युनिटी, मानसिक आरोग्य, अशा पाच शाखा. विद्यार्थी मेडिकल-सर्जिकलकडे पळतात. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय असूनही मानसिक आरोग्याकडे फार कमी जण बघतात आणि मला ते खटकतं, कारण त्या शाखेत शिकवायला माणसं शोधावी लागतात. रुग्णाजवळच राहायचं असेल तर एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमे आहेत (ऑन्कॉलॉजी म्हणजे कर्करोग, नवजात शिशू, क्रिटिकल केअर) आणि दोन वर्षांचा निवासी स्वरूपाचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर आहे. नागपूरजवळच्या जामठ्याचं कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यापासून ऑन्कॉलॉजीची जाण असलेल्या नर्सला या शहरातच काम आहे.

नोकरी करता करता नॉरसेटचा अभ्यास होतो का?

होतो, पण नाइटनंतरच्या दिवशी नाही. त्या दिवशी झोपा. माझ्या विद्यार्थिनींपैकी ज्यांची निवड झाली त्या मेडिकल चौकाजवळच्या अभ्यासिकेत रोज अडीच-तीन तास बसत होत्या, आठवड्यातून एक पूर्ण सराव परीक्षा वेळ लावून सोडवत होत्या. नोकरी सोडून वर्षभर घरी बसलेल्यांचा निकाल त्यांच्यापेक्षा चांगला लागल्याचं मी पाहिलेलं नाही.

फिजिओथेरपी झालं. एमपीटी करू की क्लिनिक टाकू?

क्लिनिक लगेच टाकू नका. दोन-तीन वर्षं अशा ठिकाणी घालवा जिथे ऑर्थो, न्यूरो आणि आयसीयू तिन्ही बघायला मिळतील. एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतलं पदव्युत्तर शिक्षण, दोन वर्षांचं आहे, राज्यातले प्रवेश सरकारच्या सीईटी सेलच्या प्रवेश परीक्षेतून होतात. स्पोर्ट्सचं आकर्षण सगळ्यांना असतं. प्रत्यक्षात गुडघे, पाठ, पक्षाघात आणि श्वसनाचे रुग्ण हेच रोजचं काम आहे, त्यामुळे न्यूरो किंवा कार्डिओ-रेस्पिरेटरी घेतलेला माणूस मोठ्या रुग्णालयाला हवा असतो.

ऑक्युपेशनल थेरपीच्या मुलांनी तर मुळीच निराश होऊ नये. सेरेब्रल पाल्सी आणि ऑटिझम असलेल्या मुलांचे पालक भंडारा-गोंदियाहून एका सत्रासाठी नागपूरला येतात. या कामाला माणसं कमी आहेत.

लॅब, डायलिसिस, ओटी, रेडिओलॉजीवाल्यांना कुणी विचारतं का? बीपीएमटीला (परावैद्यक तंत्रज्ञानाच्या पदवीला) पुढे काय?

विचारतं, आणि आता कायद्यानेही विचारलं जातं. २०२१ मध्ये संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात लॅब, शस्त्रक्रिया-भूल तंत्रज्ञान, रेडिओलॉजी, नेत्रविज्ञान, पोषण, फिजिओ, आरोग्य माहिती व्यवस्थापन असे एकूण १० गट आहेत. याच कायद्यात पात्रतेचे तास लिहिले आहेत: सहयोगी व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचं शिक्षण, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांचं. गल्लीतल्या बोर्डावर 'तीन महिन्यांत ओटी टेक्निशियन' असं लिहिलेलं दिसलं की हे दोन आकडे आठवा. तीन महिन्यांत २००० तास बसत नाहीत.

बीपीएमटी तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, असं आहे. पुढे विषयानुसार एम.एस्सी., रुग्णालय व्यवस्थापन, किंवा उपकरणांच्या कंपन्यांत अॅप्लिकेशन स्पेशालिस्ट, म्हणजे नवं डायलिसिस किंवा सीटी मशीन बसलं की तिथल्या माणसांना ते शिकवणं. परफ्युजनिस्टचं काम, म्हणजे हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवणं, हे फार जबाबदारीचं आणि चांगल्या पगाराचं आहे. त्याचं शिक्षण मात्र निवडक ठिकाणीच होतं.

बी.फार्म. नंतर मेडिकल स्टोअर की एम.फार्म?

स्टोअर टाकायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, जागेची अट, भांडवल आणि दुकानात पूर्ण वेळ थांबायची तयारी हवी. परवाना नुसता भाड्याने देऊन घरी बसायचा विचार मनातून काढून टाका. ते बेकायदा आहे आणि चुकीचं औषध गेलं तर गुन्हा तुमच्या नावावर लागतो.

एम.फार्म.साठी जीपॅट द्या. २०२४ पासून ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं, आणि उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेतला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. नायपरसाठी (राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्थांसाठी) स्वतंत्र परीक्षा आहे. बुटीबोरी आणि मिहानला औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. तिथे गुणवत्ता नियंत्रण आणि उत्पादनात नवख्यांना घेतात, पण शिफ्ट असते. औषध निरीक्षकाची जागा एमपीएससीतून भरली जाते. जाहिरात क्वचित येते, आली की स्पर्धा तुंबळ.

फार्माकोव्हिजिलन्सबद्दल मुलं विचारतात. औषध बाजारात आल्यावर त्याचे दुष्परिणाम गोळा करून तपासणं, हे ते काम. भारतात याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन तो चालवतं आणि वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रं आहेत. खासगी नोकऱ्या मात्र पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूरकडे. इंग्रजी वाचन चांगलं हवं.

बीएएमएस, बीएचएमएस झालो. सरकारीत काय आहे?

एमडी-एमएस आयुर्वेदासाठी एआयएपीजीईटी ही देशपातळीची परीक्षा आहे. नोकरीकडे बघाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं (शाळा-अंगणवाड्यांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी), १०८ च्या रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर, आणि समुदाय आरोग्य अधिकारी. १०८ वर दोन वर्षं काढलेला बीएएमएस डॉक्टर आणीबाणीत घाबरत नाही, हे मी आयसीयूत रुग्ण ताब्यात घेताना अनेकदा पाहिलं आहे. नागपुरात केंद्रीय आयुर्वेद विज्ञान संशोधन परिषदेची संस्थाही आहे, संशोधनात रस असेल तर तिथल्या प्रकल्पांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

बीएचएमएसनंतरच्या आधुनिक औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमावरून वाद झाला आहे. फी भरण्याआधी महाराष्ट्र वैद्यक परिषदेची त्या दिवसाची भूमिका लेखी स्वरूपात बघा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

बीडीएसवाल्यांना खरंच काम नाही का?

हे ऐकून मला वाईट वाटतं, कारण आपल्या विदर्भाएवढी दंतवैद्यांची गरज क्वचित कुठे असेल. खर्रा. पन्नीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून दिला जातो तो. शाळकरी पोरं खातात, बायका खातात. गावातल्या शिबिरात एका तिशीतल्या ट्रॅक्टरचालकाला दंतवैद्य ताईंनी तोंड उघडायला सांगितलं. साधारण माणसाची उभी तीन बोटं मावतात. त्याचं एक बोटही धड आत जाईना. गालाची आतली बाजू पांढरी, हाताला दोरीसारखी ताठ लागत होती. सबम्युकस फायब्रोसिस, कर्करोगाच्या आधीची अवस्था. त्याला वाटत होतं अक्कलदाढ येते आहे.

तोंडाच्या कर्करोगाची लवकर तपासणी, तंबाखूमुक्तीचं समुपदेशन, सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र, मुखशल्यचिकित्सा: इथे काम आहे. राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय इथेच आहे, शासकीय दंत महाविद्यालय इथेच आहे. एमडीएस ही दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी नीट-एमडीएस परीक्षेतून, तीन वर्षं. एमडीएस लगेच जमलं नाही तर अनुभवी दंतवैद्याकडे दोन वर्षं हाताखाली काम करा, मग तालुक्याच्या गावी बसा. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यामागे दवाखाना आहे. तिथे भाडं भरण्यातच उमेद जाते.

एमबीबीएसनंतर नीट-पीजीला हवी ती शाखा मिळाली नाही. पुन्हा वर्ष घालवू?

एकदा घालवा, दुसऱ्यांदा विचार करून. शासकीय महाविद्यालयातून शिकला असाल तर बंधपत्राची एक वर्षाची सेवा आहेच, ती आधी पूर्ण करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात अभ्यासाला वेळ मिळतो हे अनेकांनी सिद्ध केलं आहे. नीट-पीजीशिवाय आयएनआय-सीईटी आहे, वर्षातून दोनदा, एम्स-जिपमर-पीजीआय-निम्हान्ससाठी. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची तीन वर्षांची डीएनबी ही पदव्युत्तर पदवी आणि त्याच मंडळाचे दोन वर्षांचे डिप्लोमे (भूलशास्त्र, बालरोग, स्त्रीरोग, फॅमिली मेडिसिन, रेडिओ यांसारखे विषय) हेही आहेत. ते कमी दर्जाचे समजू नका. यूपीएससीच्या संयुक्त वैद्यकीय सेवा परीक्षेला बहुतेक पदांसाठी ३२ वर्षांच्या आत बसता येतं, ५०० गुणांची लेखी आणि १०० ची मुलाखत.

रुग्णाला हात न लावता आरोग्य क्षेत्रात राहता येतं का?

येतं, आणि त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. सार्वजनिक आरोग्यातली एमपीएच कुठल्याही आरोग्य पदवीनंतर करता येते; मुंबईची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था ही खात्रीची नावं. रुग्णालय व्यवस्थापन घेतलं तर एनएबीएचच्या (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) मानकांचं काम करणारी माणसं प्रत्येक मध्यम रुग्णालयाला लागतात. क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून सुरुवात नागपुरातही होते. मेडिकल कोडिंगला, म्हणजे आजार-उपचारांच्या नोंदींना ठरलेले संकेतांक देण्याच्या कामाला, इंग्रजी आणि शरीरशास्त्र पक्कं हवं; काम बसून, लक्ष्य ठरलेलं. ज्यांना शांत, एकसुरी काम मानवतं त्यांनाच ते मानवतं.

विदर्भ सोडायचा नाही. इथे राहून मोठं काम होतं का?

या प्रश्नाची मी वाट बघत असते.

सिकलसेल घ्या, रक्ताचा आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या घराघरात आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. हे आकडे प्रत्यक्षात कुणीतरी उतरवायचे असतात. शिबिरात आमच्या लॅबच्या मुलाने एका मुलीच्या बोटाचा रक्ताचा थेंब द्रावणात टाकला, नळी रेघा ओढलेल्या कागदापुढे धरली. पाच मिनिटांनी रेघा दिसेनात, द्रावण गढूळ. म्हणजे सोल्युबिलिटी चाचणी सकारात्मक. पण ती वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही; त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची रक्ततपासणी लागते. आणि मग तिच्या आईला, सोयरीक ठरवण्याआधी मुलाचीही तपासणी का हवी, हे तिच्या भाषेत सांगावं लागतं. या एका मुलीमागे लॅब तंत्रज्ञ, नर्स, समुपदेशक, डॉक्टर आणि माहिती भरणारा अशी पाच माणसं लागली. पाचही पदं आरोग्य विज्ञानाच्या पदवीधरांची.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून बालमृत्यू कमी करून दाखवले; ती पद्धत पुढे देशाच्या कार्यक्रमात गेली. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून आहे. मेळघाटात 'महान' ही आरोग्यसेवेतली संस्था आहे, सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी एक-दोन वर्षं काम करून मग एमपीएच किंवा एमडी करणाऱ्यांच्या मुलाखतीत बोलण्यासारखं पुष्कळ असतं. पगार शहरापेक्षा कमी असेल. राहणं साधं. पण एका महिन्यात जेवढं शिकाल तेवढं नागपुरात वर्षात शिकायला मिळत नाही, असं माझे तिथून परतलेले विद्यार्थी सांगतात.

संशोधनात जायचं आहे. सुरुवात कुठून?

आयसीएमआर किंवा सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदांची फेलोशिप परीक्षा द्या. ती साधली तर पीएच.डी.चा खर्च सुटतो. नसेल साधत तर प्रकल्पातली जागा बघा, जाहिरातीत 'प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट' असं लिहिलेलं असतं. एम्स, मेडिकल, सेवाग्राम इथे असे प्रकल्प चालतात. हवा-पाणी आणि आरोग्य या विषयाची आवड असेल तर नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे. पीएच.डी.साठी इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांना 'महाज्योती', अनुसूचित जातींना 'बार्टी', मराठा-कुणबी समाजाला 'सारथी', या राज्य सरकारच्या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे.

परदेशात जायचं तर काय लागतं? एजंट पाच लाख मागतो आहे.

पाच लाख देऊ नका. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. तिथे नाव नसेल तर चहा घ्या आणि उठा.

देशागणिक वाट वेगळी. आखातात दुबई, अबुधाबी यांची आपापली परवाना परीक्षा, डेटाफ्लोची कागदपत्रांची पडताळणी, आणि साधारण दोन वर्षांचा अनुभव. अमेरिका आणि कॅनडाला नर्ससाठी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा. ब्रिटनला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, इथे संगणकावरची चाचणी आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक. जर्मनीला इंग्रजी पुरत नाही. जर्मन भाषा साधारण बी-२ पातळीपर्यंत आणि पदवीची मान्यता, म्हणून वर्ष-सव्वा वर्ष भाषेला द्यायची तयारी ठेवा. डॉक्टरांना अमेरिकेसाठी यूएसएमएलई ही परवाना परीक्षा. तिची पहिली पायरी जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास आहे, त्यामुळे दुसऱ्या पायरीच्या गुणांना वजन आलं आहे.

करारपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत वाचा. सुट्टी, राहण्याची सोय, नोकरी मधे सोडली तर दंड: या तीन कलमांखाली पेनाने रेघ ओढा.

फीचं काय? घरची शेती पाच एकर कोरडवाहू.

महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर) अर्ज वेळेत भरा. मुदत गेली की हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर एप्रिलमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते.

ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी चालेल?

२०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने वर सांगितलेल्या २०२१ च्या कायद्याखालचे विषय, त्यात मानसशास्त्र आणि पोषणही आलं, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. नाही चालणार.

घरचे नाइट ड्युटीला नाही म्हणतात. काय सांगू?

वाद घालू नका. त्यांना एकदा आणून दाखवा. काटोलच्या एका मुलीचे वडील माझ्याकडे आले होते, "पोरीनं रात्रीचं काम करायचं नाही" म्हणून ठाम. मी परवानगी काढून त्यांना रात्री दहाला रुग्णालयात बोलावलं. फाटकावरचा सुरक्षा रक्षक, लिफ्टजवळचा कॅमेरा, मुलींची कपडे बदलायची खोली, ड्युटी संपल्यावर सोडणारी गाडी, हे सगळं फिरवून दाखवलं. मग आयसीयूच्या बाहेर बाकावर बसवलं. काचेतून त्यांना लेक दिसत होती. एका म्हाताऱ्या बाबांची कूस बदलत होती, चादरीची सुरकुती सरळ करत होती. ते साडेअकरापर्यंत बसले. काही बोलले नाहीत. निघताना फक्त विचारलं, "मॅडम, ही रात्री जेवते कधी जी?" दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यात दोन पोळ्या जास्त यायला लागल्या.